खळमास्तरांस, न निघणाऱ्या लेबलांबाबत

आदरणीय खळमास्तर यांस,

नखसाहेबांचा साष्टांग नमस्कार पोचावा. (साष्टांगातला उजवा अंगठा सध्या पट्टीत आहे, तेवढा वजा करून घ्यावा. अक्षर तिरकं दिसेल ते त्यामुळेच. पेन पहिल्या दोन बोटांत धरून लिहितो आहे.) अंगठा सोडला तर इकडे सगळं ठणठणीत. तुमचा गुडघा काय म्हणतो, जिना चढू देतो की खालच्या पायरीवरच वाटाघाटी चालतात, आणि वहिनी रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतात की तुम्ही आठवण केलीत म्हणून मुद्दाम उशिरा घेतात, हे सविस्तर कळवावं. आमच्या हिने तुम्हा दोघांना नमस्कार सांगितला आहे. पत्र लांबलचक आहे, तेव्हा चष्मा पुसून, पाठीशी उशी घेऊन बसावं आणि मधेच उठू नये, कारण विषय तुमच्या खात्याचा आहे.

एकतीस वर्षं तुम्ही लेबलांच्या त्या कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये गोंद शिजवलात आणि मी पुढच्या खोलीत तपासनीस म्हणून बसून दर हजारातलं एक लेबल अंगठ्याच्या नखाने उचकटून बघितलं. नख शिरलं की गठ्ठा परत, नाही शिरलं की पुढे. लोक विचारतात, तुम्ही नोकरीत काय करत होता, तेव्हा मी हे सांगतो आणि ते पुढच्या वाक्याची वाट बघत राहतात. पुढचं वाक्य नाही हे कळल्यावर हवापाण्याचा विषय काढतात. असो. आपल्याला ठाऊक आहे आपण काय केलं ते. सांगायचा मुद्दा हा, की चिकटणं या विषयात मला कोणाकडून शिकण्यासारखं काही उरलेलं नाही असं माझं गेल्या शनिवारपर्यंत ठाम मत होतं, आणि मधले तीन दिवस वगळले तर ते आजही आहे.

तुम्हाला माहीतच आहे, चार महिन्यांपूर्वी आम्ही दोघं आमचं घर बंद करून मुलाकडे राहायला आलो. मुलगा लिफ्टच्या देखभालीचं काम करतो (दिवसभर दुसऱ्यांना वरखाली नेण्याची सोय बघतो आणि स्वतः दोन जिने चढून घरी येतो, कारण आमच्या इमारतीला लिफ्ट नाही). सूनबाई घरीच सुगंधी मेणबत्त्या करते, काचेच्या बरण्यांत मेण ओतून. मागच्या खोलीत तिचं सगळं सामान असतं: मेणाच्या लाद्या, वाती, तापमापक, सुगंधाच्या बाटल्या. मुलगी कामाची आहे, बोलते कमी आणि हाताने नीटनेटकी. या घरात मला कोणी टाकून बोलत नाही, हीच माझी अडचण आहे. मी भांडं उचललं की "बाबा, तुम्ही बसा." मी बाजारात जायला पिशवी घेतली की "बाबा, तुम्ही बसा." चार महिन्यांत या घरातल्या प्रत्येक खुर्चीवर मी बसून झालो, बाल्कनीतल्या मोडक्या स्टुलावरसुद्धा. कुठली खुर्ची कधी करकरते याचा तक्ता मी झोपेतही देऊ शकेन. हिला स्वयंपाकघरात अर्धा ओटा मिळाला. मला पेपर मिळतो, तोही मुलाने वाचून झाल्यावर.

अशात गेल्या शनिवारी सकाळी सूनबाईच्या बरण्यावाल्याचा फोन आला. एका हॉटेलाच्या नव्या दालनासाठी एकशेवीस मेणबत्त्या गुरुवारी पोचवायच्या होत्या. तिच्यासाठी ती आजवरची सगळ्यात मोठी ऑर्डर. आणि नव्या कोऱ्या बरण्यांची पेटी वाटेत टेम्पोतून पडून चुरा झाली. दुसरी पेटी यायला पंधरा दिवस. सूनबाईने कपाळाला हात लावला नाही. ती उठली, कोपऱ्यावरच्या बेकरीत गेली आणि त्यांच्याकडच्या जॅमच्या रिकाम्या बरण्या, एकसारख्या, मोजून दीडशे, दोन फेऱ्यांत घरी आणल्या. आकार अगदी पाहिजे तसा. फक्त प्रत्येक बरणीच्या पोटावर लाल-पिवळं लेबल. सोमवारी संध्याकाळपर्यंत बरण्या स्वच्छ झाल्या, तर मंगळवार-बुधवार मेण ओतून गुरुवारी माल जाणार. तिने पहिल्या बरणीचं लेबल नखाने ओढलं. कोपऱ्याचा एक कपटा हातात आला, बाकीचं जागच्या जागी. ती त्या कपट्याकडे बघत असताना मी पेपर खाली ठेवला.

"हे माझ्यावर सोड," मी म्हणालो.

"बाबा, तुम्ही कशाला," ती म्हणाली. "तुम्ही ब—"

"लेबल या विषयावर या घरात माझ्यासमोर कोणी बोलू नये," मी म्हणालो. हे जरा जास्त झालं हे मला कळलं, पण तोवर बोलून झालं होतं, आणि हिने स्वयंपाकघरातून माझ्याकडे जी नजर टाकली ती तुम्ही आमच्याकडे जेवायला यायचात तेव्हा पाहिलेली आहे. सूनबाईने क्षणभर विचार केला. मग खरोखरच सगळ्या बरण्या माझ्या ताब्यात देऊन ती मेण वितळवायला निघून गेली. मास्तर, चार महिन्यांत पहिल्यांदा मला कोणी काम दिलं. मी शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

बरणी उजेडात धरली आणि ऊर भरून आला. लेबलाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात तांदळाच्या कणीएवढी खाच. आपल्या तीन नंबरच्या कटिंग मशीनच्या साच्याला पडलेली तीच खाच, जी आपण दोघांनी किती वेळा वर कळवली आणि जिच्याबद्दल आपल्याला किती वेळा "बघू" असं सांगण्यात आलं. म्हणजे लेबल आपलं, आणि गोंद तुमचा. तुम्ही गेल्यावरही ते तुमच्याच वहीतल्या कृतीने शिजवतात हे मी बोटाला लागताक्षणी ओळखलं. मी हिला हाक मारून ती खाच दाखवली. ही म्हणाली, "छान. आता काढा."

शनिवारी मी तीस बरण्या धुण्याच्या टबात पाण्यात बुडवल्या. (तीसच, कारण टबात तेवढ्याच मावल्या, आणि पुढे हेच आमचं नशीब ठरलं.) दोन तासांनी कागद भिजून लापशी झाला आणि हाताने सोलला गेला. मी मनात म्हटलं, संपलं. पण कागद गेला आणि गोंद राहिला, मास्तर. पांढुरका, शेंबडासारखा, बरणीभर. टॉवेलने पुसायला गेलो तर टॉवेल बरणीला चिकटला. टॉवेल सोडवायला गेलो तर टॉवेलाचे धागे बरणीवर राहिले आणि बरणीला लव आली. कागदाचा सगळा लगदा मी बाथरूमच्या मोरीत ओतून दिला. ते योग्य होतं असं मला त्या वेळी वाटलं.

रविवारी मी शस्त्रं काढली. आधी हिची भाजीची सुरी, मग तारेची घासणी. चार बरण्यांवर असे ओरखडे पडले की त्यातून मेणबत्ती धुक्यातल्या दिव्यासारखी दिसली असती. तेव्हा शस्त्रं बाजूला ठेवली आणि ज्या हत्याराच्या जोरावर आयुष्य काढलं ते, म्हणजे स्वतःचं नख, कामाला लावलं. पाचव्या बरणीवर ते मधोमध चिरलं. एकतीस वर्षं टिकलेलं नख, मास्तर, तुमच्याच गोंदावर गेलं. याचा तुम्हाला आनंद होईल की वाईट वाटेल याचा मला अंदाज नाही, पण कळवणं माझं कर्तव्य आहे.

दुपारी मुलाच्या कपाटात थिनरची बाटली सापडली, दारांना रंग दिला तेव्हाची. इथे मला कारखान्यातली आठवण झाली. आपले छपाईवाले रूळ थिनरनेच पुसायचे. जेवणाच्या टेबलावर बावीस बरण्या ओळीत मांडल्या, चिंधी भिजवली आणि पुसायला लागलो. गोंद असा निघाला, की बघत राहावं. एका हाताने पुसायचं, दुसऱ्या हाताने बरणी टेबलावर ठेवायची. अर्ध्या तासात बावीस बरण्या आरशासारख्या. मी खुर्चीत टेकलो आणि सूनबाईला हाक मारली. आवाजात थोडी ऐट होती, नाही म्हणत नाही.

ती दारात आली. एक बरणी उचलली, नाकाशी नेली, परत ठेवली. मग अगदी हळू म्हणाली, "बाबा, मी यात वात पेटवणार आहे."

मास्तर, हे मला सुचलं नव्हतं. मी त्या बरण्यांकडे बघितलं. बावीस चकचकीत बरण्या, प्रत्येकीतून थिनरचा वास, आणि प्रत्येकीत उद्या जळती वात. मी म्हटलं, साबणाने धुऊ, उन्हात ठेवू, उडून जाईल. ती म्हणाली, "उडून जाईलही. पण हॉटेलात कोणाच्या तरी टेबलावर असेल ती. मला झोप लागायची नाही." तिचं खरं होतं. तिने बावीसच्या बावीस उचलून बाल्कनीत नेऊन ठेवल्या. त्या उचलल्यावर दिसलं, की जेवणाच्या टेबलाच्या पॉलिशवर बावीस गोल उमटले आहेत, प्रत्येक बरणीच्या बुडाएवढे. त्यावर सध्या मेजपोस असतो. घरात कोणी त्याबद्दल बोलत नाही, फक्त जेवताना मुलगा कधीकधी कापडावरून बोट फिरवून तो गोल चाचपतो.

सोमवार उजाडला. माझा आत्मविश्वास कमी झाला असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही मला ओळखलं नाही. टबातल्या तीसांपैकी चार उरल्या होत्या. त्यांच्यावर खाण्याचं तेल आणि सोडा कालवून चोपडला. (ही युक्ती पेपरातली. आमच्याकडे एक दिवस शिळा पेपर वाचण्याचा हा एक फायदा आहे, की बाकीच्यांनी करून बघितलेलं असतं.) खरं सांगतो, गोंद निघत होता. पण तेल लावलेली काचेची बरणी धरायला अंगठा लागतो, आणि माझा अंगठा पट्टीत. तीन बरण्या हातातून सुटल्या. चौथी वाचली, कारण ती मी खाली बसून, मांडीत धरून पुसली. तेल आणि सोड्याचं पाणी मोरीत ओतलं आणि मोरी ते घेईना. उलट तिने परवाचं परत द्यायला सुरुवात केली. दहा मिनिटांत बाथरूममध्ये घोट्याएवढं पाणी, आणि त्यात लाल-पिवळे कपटे तरंगत पॅसेजमधून मेणाच्या खोलीच्या दिशेने निघालेले. ही पायपोस आणि जुन्या चादरी घेऊन बांध घालायला धावली. मी पण धावलो. मला सांगण्यात आलं, की बसा.

प्लंबर आला. बारीक अंगाचा, मिशीवाला, कमी बोलणारा माणूस. जाळी काढून त्याने तारेचा हूक आत घातला, फिरवला, आणि पावाएवढा एक गोळा बाहेर ओढला. वरून करडा, आतून गुलाबी. तो त्याने पिळून बघितला, जमिनीवर आपटून बघितला. तुटला नाही.

"काका, हे काय आहे?"

"लेबलं," मी म्हणालो.

"कोणाची? चाळीस वर्षांत एवढं घट्ट मी काही काढलेलं नाही."

आता मी काय करावं, मास्तर? सूनबाई दारात उभी, तिचे पाय ओले. ही चादर पिळते आहे. शहाण्या माणसाने गप्प बसावं अशी वेळ. पण त्याने ते ज्या सुरात विचारलं त्यात आदर होता, आणि तुमच्या गोंदाबद्दल आदराने बोलणारा माणूस मला निवृत्तीनंतर पहिल्यांदाच भेटत होता. मी म्हणालो, "आमची." म्हणालो ते म्हणालो, वर त्याला तीन नंबर मशीनची खाचही सांगायला लागलो. हिने चादर बादलीत टाकली त्याचा आवाज झाला तेव्हा थांबलो.

सूनबाई रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. ती म्हणाली, "बाबा, आता तुम्ही खरंच बसा," आणि मी हॉलमधल्या खुर्चीवर जाऊन बसलो. तिथून पॅसेज दिसतो. ती एक बरणी घेऊन ओल्या फरशीवरच खाली बसली आणि नखाने लेबल खरवडायला लागली. मेणाने तिची बोटं पोळलेली असतात, दोन बोटांना पट्ट्या. तरी खरवडत होती. पाच मिनिटं झाली, दहा झाली, लेबलाचा एक कोपरासुद्धा धड सुटला नाही. एकशेवीस बरण्या भिंतीशी तशाच, लाल-पिवळ्या, रांगेत. मग तिने बरणी खाली ठेवली, हात कपड्यांना पुसले आणि मुलाला फोन केला. तिकडून तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. ती म्हणाली, "हो, तेच करते. त्यांना आजच सांगितलेलं बरं, म्हणजे ते दुसरीकडे बघतील." एवढंच. आवाज चढला नाही, उतरला नाही. मास्तर, मी आयुष्यात पुष्कळ माल नापास केला. पण खुर्चीत बसून दुसऱ्याचं कष्टाचं काम माझ्यामुळे बुडताना बघणं, हे कधी वाट्याला आलं नव्हतं.

तेवढ्यात ही आली आणि माझ्या हातात एक बरणी दिली. जॅमचीच, लेबलासकट, आत सोसवेल इतपत गरम पाणी. म्हणाली, "अंगठा बुडवून ठेवा, ठणका कमी होईल." भांडी सगळी पाणी उपसायला गेली होती म्हणून बरणी. मी पट्टी सोडून अंगठा आत घातला आणि सूनबाई हॉटेलाचा नंबर शोधते आहे ते बघत बसलो. डावा हात रिकामा. रिकाम्या हाताला एकतीस वर्षांची सवय. त्याने आपोआप लेबलाचा कोपरा धरला आणि ओढायला लागला. खेचला नाही, ओढला. तुम्हाला आठवत असेल, नखाच्या चाचणीनंतर मी दर गठ्ठ्यातलं एक लेबल सावकाश ओढूनही बघायचो, कागद उलटा दुमडून, काचेला जवळजवळ समांतर, एका श्वासाला बोटभर. त्यापेक्षा घाई केली की कागद फाटतो आणि गोंद मागे राहतो. तीन दिवस मी हेच विसरलो होतो. मला लेबल काढायचं होतं म्हणून मी घाई करत होतो. कारखान्यात मला ते निघायला नको असायचं, म्हणून सावकाश ओढायचो.

लेबल आलं. अख्खं. गोंदासकट. माझ्या मांडीवर ते पडलं तेव्हा बरणीवर एक ठिपकासुद्धा नव्हता.

मी दुसरी बरणी उचलली आणि हिला म्हणालो, "यात पाणी ओत." तिने विचारलं नाही का ते. ओतलं. दोन मिनिटं थांबलो. गरम काचेवर तुमचा गोंद आतून मऊ झाला, मी कोपरा धरला, श्वास सोडला, ओढलं. आलं. दोन कण्या मागे राहिल्या होत्या. त्यावर त्याच लेबलाची चिकट बाजू टेकवून उचलली, त्याही आल्या. तुमचा गोंद तुमच्याच गोंदाला सोडत नाही, एवढं खरं.

सूनबाईने फोन कानाला लावला होता. तिकडे घंटी वाजत असावी.

"फोन ठेव," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं. माझ्या सांगण्यावर तिने आता भरवसा ठेवावा असं तीन दिवसांत मी काहीच केलं नव्हतं. मी उठलो नाही (अंगठा बरणीत होता), दोन्ही लेबलं फक्त तिच्या दिशेने वर धरली, अख्खी, कोपऱ्यांसकट. ती जवळ आली, बरणीवरून बोट फिरवलं, मग उजेडाकडे धरून बघितली. फोनमधून कोणी तरी "बोला" म्हणालं. ती म्हणाली, "काही नाही. गुरुवारी माल येतो आहे, एवढंच सांगायचं होतं," आणि फोन ठेवला.

पुढचं सांगायला मजा येते, पण थोडक्यात सांगतो. हिने शेगडीवर पातेलं चढवलं. पहिल्या पाच बरण्या कढत पाण्याने तडकल्या. त्यानंतर आधी कोमट पाण्याने विसळून मग कढत ओतायचं हे ठरलं. मुलगा तासाभराने घरी आला तो बूट काढून थेट बरण्या पुसायला बसला. प्लंबरचं काम संपलं होतं, पण त्याला बघायचं होतं, आणि बघता बघता त्यानेही लेबलं ओढली. त्याचा हात चांगला आहे, घाई करत नाही. मी खिडकीपाशी खुर्ची ओढून घेतली आणि प्रत्येक बरणी उजेडात धरून तपासली. सूनबाईने काढलेल्या सात बरण्या मी परत पाठवल्या. सहाव्या वेळी ती म्हणाली, "बाबा, हे मेणाच्या वासाने झाकलं जाईल." मी म्हणालो, "वासाने दिसायचं थांबत नाही." सातवी बरणी तिने माझ्यासमोर जरा जोराने ठेवली, आणि मला फार बरं वाटलं. चार महिन्यांत पहिल्यांदा तिने माझ्यासमोर काही आपटलं. संध्याकाळी मोजल्या तर एकशेसोळा भरल्या. चार कमी. प्लंबर मोजणी ऐकून गेला आणि मंगळवारी सकाळी त्याच जॅमच्या चार बरण्या घरून घेऊन आला. (एकीत अजून जॅम होता. तो त्याने आमच्या पावावर काढून दिला.) गुरुवारी एकशेवीस मेणबत्त्या वेळेवर पोचल्या, आणि हॉटेलच्या बाईंनी तिथल्या तिथे आणखी दोनशे सांगितल्या.

तेव्हा कळवायला आनंद वाटतो, की या घरातलं चिकटण्या-सुटण्याचं सगळं खातं आता माझ्याकडे आहे. नव्या पातेल्यावरचं, फ्रिजवरचं, मुलाच्या हेल्मेटवरचं, कुठलंही लेबल आधी मला दाखवल्याशिवाय कोणी हात लावत नाही. टेबलाच्या बाबतीत मीच पॉलिशवाल्याला बोलावणार आहे, म्हणजे योग्य वेळ आली की. तुमच्या गुडघ्याची काळजी घ्या, वहिनींना सांगा गोळी वेळेवर घ्या, आणि उत्तराला माझ्याएवढा उशीर करू नका.

आपला,
नखसाहेब

ता. क. हिने पत्र वाचलं आणि म्हणाली, की हेही लिहा: बरणीत आतून कढत पाणी ओतून लेबल काढायचं तिला अडतीस वर्षांपासून माहीत आहे, आमच्या घरातल्या सगळ्या बरण्या तिने तशाच साफ केल्या. मी विचारलं, मग शनिवारीच का नाही सांगितलंस. ती म्हणाली, "या विषयावर तुमच्यासमोर कोणी बोलायचं नव्हतं ना."

ता. क. दुसरा. हॉटेलच्या बाईंची एक अट राहिली. नव्या दोनशे बरण्यांवर सूनबाईचं स्वतःचं लेबल हवं, आणि ते असं हवं, की मेणबत्ती संपल्यावर पाहुण्याने घरी नेऊन बोटाने ओढलं की अख्खं निघावं, मागे काही न राहता. सूनबाईने दोन दुकानांत विचारलं, असा गोंद कोणाकडे नाही. मी तिला सांगितलं, की असा गोंद एका माणसाने एकदा केला होता. मास्तर, ते अकरा पिंप. तुम्ही म्हणाला होता, "चुकलेला नाही, वेगळा आहे. शाळेच्या वह्यांना, औषधाच्या बाटल्यांना कामाला येईल." मी एक लेबल ओढलं, ते अलगद निघालं, आणि मी ऐकून न घेता लाल शेरा मारून अकराच्या अकरा पिंप गटारात ओतायला लावले. तुम्ही चार महिने माझ्याबरोबर डबा खाल्ला नाहीत. नंतर खायला लागलात, पण त्याबद्दल आपण पुन्हा कधी बोललो नाही. माझं काम मी नियमाने केलं, हे खरं. तुमचा गोंद चांगला होता, हेही तेवढंच खरं, आणि हे मला त्याच दिवशी कळलं होतं. लेबल ओढताना हाताला कळतं. ती कृती तुमच्या वहीत असेल तर पाठवावी. नसेल तर तुमच्या डोक्यात असेल, ते घेऊन यावं. महिनाअखेरपर्यंत वेळ आहे. मी सूनबाईला तुमच्या वतीने हो म्हणून बसलो आहे.

ता. क. तिसरा, हा माझ्या हातचा, कारण पाकीट बंद करायला त्यांनी माझ्याकडे दिलं आहे. भावोजी, बरण्यांचं, मोरीचं सगळं खरं आहे, टेबलाचं थोडं कमी करून सांगितलंय. पण हे पत्र त्यांनी चार दिवस लिहिलं. पहिला कागद मी केराच्या टोपलीतून काढून ठेवला आहे. त्यावर वर तुमचं नाव होतं आणि खाली एवढंच, "चुकलो. या." ते फार लहान दिसतं म्हणून त्यांनी फाडलं आणि हे लांबण लावलं. तुम्ही या. वहिनींना घेऊन या, दोघांची गादी मी उन्हात घातली आहे.